धोंड्याचं बोलावणं

अनारशाचे तांदूळ दुसऱ्यांदा आंबले तेव्हा मोहिनी म्हणाली, "आई, राहू द्या आता. बाजारातून आणू."

लताबाईने ते तांदूळ शेवग्याच्या बुडाशी ओतले आणि नवे भिजत घातले.

मे महिना असूनही पाचोऱ्यात रोज दुपारी आभाळ भरून येत होतं. काहीच वाळत नव्हतं. कुरडया घरात पंख्याखाली पसरल्या होत्या. परसातले गिलक्याचे वेल मात्र माजले होते. वादळाने त्यांचा मांडव पाडला, तो दोघींनीच पुन्हा उभा केला. लताबाईने बांबू धरले, मोहिनीने तारा आवळल्या. मोहिनी सकाळी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला जायची. संध्याकाळी आली की दोघी वाफ्यांतलं तण काढत बसायच्या.

शेजारची बेबाबाई कुरडया उलटायला मदतीला आली. ही सगळी धांदल कुणासाठी, असं तिने विचारलं.

"धोंडाना महिना शे," लताबाई म्हणाली. "जावई येनार शे."

बेबाबाईचा हात थांबला. तिने मोहिनीकडे पाहिलं, मग लताबाईकडे. मग ती पुन्हा कुरडया उलटू लागली.

योगराज तीन वर्षांपूर्वी सुरतला कापडाच्या कारखान्यात गेला होता. खोली मिळाली की मोहिनीला नेतो म्हणाला होता. सहा महिन्यांनी त्याचा फोन आला, की मला हा संसार पुढे न्यायचा नाही. तिथे तो दुसऱ्याच एकीबरोबर राहू लागल्याचं मागाहून कानावर आलं. फोन आला त्या दिवशी मोहिनीने बॅग भरायला घेतली. लताबाईने ती रिकामी करून कपडे परत कपाटात लावले.

"कुठं जावानी गरज नही," ती म्हणाली. "हाई घर तुनं शे."

त्यानंतर तिने योगराजचं नाव काढलं नाही. त्याचे फोन घेतले नाहीत. मोहिनीने नोकरी धरली, स्कूटर शिकली, परसातली पडीक जागा खणून वाफे केले. कॉलनीतल्या बायका आधी हळहळल्या, मग तिच्याकडून भाजी न्यायला लागल्या.

यंदा होळीनंतर योगराजचे फोन पुन्हा सुरू झाले. सुरतचं सगळं संपलं होतं. चूक झाली, परत यायचंय, असं तो बेबाबाईच्या फोनवरही सांगू लागला. शेवटी लताबाईने मोहिनीला विचारलं, तुला काय वाटतं? बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी गिलकी तोडता तोडता मोहिनी म्हणाली, की येऊ द्या, पण मला घ्यायला नको, विचारायला यावं.

लताबाईने त्याला स्वतः फोन लावला. धोंड्याचा महिना आहे, जावयाला बोलावणं आहे, एवढंच सांगितलं. तो येतो म्हणाला.

रविवारी तो आला तेव्हा पाऊस चालूच होता. फाटकाच्या वरून हात घालून त्याने आतली कडी काढली आणि ओसरीच्या पायरीशी भिजत उभा राहिला. लताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याचे पाय धुवायला वाकली. त्याने पाय मागे घेतले.

"उभे ऱ्हा, जावईबापू. रीत शे."

आपल्याला अहो-जाहो करू नये, असं तो पुटपुटला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कुंकू लावलं आणि पाटावर बसवलं. खापरावरचे मांडे, आमरस, गिलक्याची भाजी; लताबाई आग्रह करून वाढत होती. तो मान खाली घालून जेवला. नंतर तिने त्याला शर्टाचं कापड आणि अनारसे दिले. तिसऱ्या खेपेला ते छान जाळीदार झाले होते.

हात धुतल्यावर तो बोलू लागला. सुरतची नोकरी सोडली होती. इथेच कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं होतं. सामान मित्राकडे होतं, ते आजच घेऊन येतो म्हणाला.

"घरजावई ठेवानी रीत नही आमच्यात," लताबाई म्हणाली.

त्याने मान वर केली. ती शांतपणे सांगत राहिली, की गावात खोली घ्या, दर रविवारी या, बसा, बोला.

"पोर मनी शे. तिनं हो म्हटलं तं धाडसू. नही म्हटलं तं नही."

योगराजने मोहिनीकडे पाहिलं. ती दारात उभी होती. ती म्हणाली,

"तेव्हा फोनवर संपवलंत. आता दर वेळी समोर बसून बोलाल?"

"बोलेन."

"मग पुढच्या रविवारी या. बाकीचं मी ठरवेन."

त्याने वाद घातला नाही. वाकून लताबाईच्या पायाला हात लावला आणि पावसात बाहेर पडला. मोहिनी परसात गेली, आणि लताबाईने त्या दिवशी पहिल्यांदा निवांत बसून चहा घेतला.

कोपऱ्यावर योगराजचा शाळेतला सोबती लीलाधर रिक्षा घेऊन उभा होता. त्याने हाक मारून त्याला आत घेतलं आणि विचारलं, इतक्या वर्षांनी इकडे कुठे?

"सासरी आलो होतो," योगराज म्हणाला. "आता एखादी खोली मिळते का बघायची आहे."

लीलाधरने वळून त्या फाटकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सासर तं तुझं पहूर गावाले शे ना? इथं तं तुझी माय राहते."