हलला नाही

लोखंडी गज सुश्रुतच्या कानाजवळून गेला. गज डोळ्यांवरच्या व्हीआर हेडसेटमधला होता, पण कानावर आलेला वारा खरा होता. त्याने मान खाली घातली आणि दोन पावलं मागे सरला.

समोर तुरुंगात दंगल पेटली होती. चौघांनी एका पहारेकऱ्याला जिन्यावरून ओढत आणलं आणि त्याचं डोकं पायरीवर आपटलं. एकदा. परत एकदा. दुसऱ्यांदा आवाज ओला आला. सुश्रुतच्या गालावर काहीतरी कोमट उडालं. पाणीच असणार, हे त्याला कळत होतं. खेळाआधी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. दिसेल ते हेडसेटमधलं, अंगाला लागेल ते काळ्या कपड्यांतल्या नटांचं. प्रत्येक प्रेक्षकामागे एक नट.

तो इथे मजेसाठी आला नव्हता. सात महिन्यांपूर्वी, भर दुपारी, ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या अपघात विभागात, एका पेशंटने सलाइनचा स्टँड उचलला आणि सिस्टर सुप्रभाच्या अंगावर घातला. पहिला घाव खांद्यावर बसला, हाड मोडलं. दुसरा कानामागे. ती पडल्यावर तिसरा पाठीत. ड्यूटीवरचा डॉक्टर सुश्रुत होता, तिच्यापासून दोन हातांवर. चौकशीत त्याला कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. नऊ सेकंद. नऊही सेकंद तो केसपेपर छातीशी धरून उभा होता.

त्यानंतर त्याने ओपीडीत बदली मागून घेतली. आता सोमवारी कळवायचं होतं, ए अँड ईला परत येणार की कायमचं सोडणार. एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत, असं तो स्वतःला बजावायचा. म्हणून दुसरं निरीक्षण घ्यायला तो नॉटिंगहॅममधल्या जुन्या लेस कारखान्यात चालणाऱ्या या खेळाला आला होता. अंगावर कोणी धावून आलं तर आपले हात हलतात का? हलले, तर परत जायचं.

सुप्रभा हट्टाने बरोबर आली होती. "ताई, तुम्हाला हे बघून त्रास होईल," तो दारात म्हणाला होता.

"मला काय होते रे! मी मार खाऊन पास झाली. परीक्षा तुझीच राहिली," नागपूरची सुप्रभा हसत म्हणाली. हेडसेटचा पट्टा आवळायच्या निमित्ताने त्याने मान फिरवली होती.

गजवाला पुन्हा आला. या वेळी त्याचा चेहरा दिसला. एक डोळा फुटून खाली आला होता. सुश्रुत मागे सरला, आणखी मागे सरला. पोटरीला कसलीशी दोरी लागली, ती ओलांडूनही तो मागे गेला. कोणीतरी ओरडल्यासारखं वाटलं, पण हेडफोनमधल्या दंगलीत ते बुडालं. गज वर गेला.

आणि मागून एका हाताने त्याची कवटी धरली. पाच बोटं. अगदी पक्की.

नट, पाणी, समजावून सांगितलेलं सगळं डोक्यातून गेलं. सुश्रुतचं कोपर मागे गेलं आणि बरगड्यांत रुतलं. कोणीतरी कण्हलं. हात सुटला नाही. त्याने कोपर वर फिरवलं आणि नाकाचं हाड मोडल्याचं त्याला कोपरातून कळलं. हात तरीही सुटला नाही. मग त्याने डोकंच मागे हाणलं, सगळ्या ताकदीनिशी. काहीतरी कटकन वाजलं. परत हाणलं. परत तेच. छातीत आनंद मावेना. हलले! हात हलले, कोपर हललं, सगळं अंग हललं! तो तिसऱ्यांदा डोकं हाणणार, इतक्यात दंगल विझली. कोणीतरी हेडसेट काढला. दिवे लागले होते.

शेजारी काळ्या टी-शर्टातला, पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस उभा होता. नाकातून धार लागली होती. डाव्या हाताने गळ्यातलं बटण दाबून त्यानेच खेळ थांबवला होता. उजवा हात अजून सुश्रुतच्या डोक्यामागे होता.

सुश्रुत वळला. मागे कारखान्याचा खांब होता. डोक्याच्या उंचीला त्यातून लोखंडाचा एक धारदार कोपरा बाहेर आलेला. त्यावरची फोमची गादी निसटून खाली लोंबत होती. त्या कोपऱ्यावर त्या माणसाचा पंजा पसरलेला होता. दोन बोटं भलत्याच बाजूला वळली होती.

"अरे देवा!" सुप्रभा धावत आली. स्कार्फ नाकाला लावून तिने त्या माणसाची मान पुढे झुकवली. मग सुश्रुतकडे पाहिलं. "बघत काय उभा राहिला? बोटं बघ त्यांची!"

तो गुडघ्यांवर बसला. माहितीपत्रकाची घट्ट घडी घालून त्याने बोटांना आधार दिला, सुप्रभाच्या केसांची पट्टी काढून ती वर बांधली. हाडं दोन ठिकाणी मोडली होती. पहिल्या फटक्याला एक, दुसऱ्याला दुसरं, असा त्याचा अंदाज होता. तिसरा बसला असता, तरी हा हात तिथेच असता.

"पहिल्या फटक्यालाच हात काढून का नाही घेतलात?" त्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या माणसाने तोंडात आलेलं रक्त थुंकलं. प्रश्न त्याला नीटसा कळला नसावा.

"कसा काढणार?" तो म्हणाला. "तुम्हाला दिसत नव्हतं ना."