तनुजाचा शिवणक्लास

सुईत दोरा कुठून ओवायचा, हेच तनुजाला कळत नव्हतं. समोर शिलाई मशीन होतं, मशीनवर हिरवं खणाचं कापड होतं आणि पलंगावर मांडी घालून सासू बसली होती.

"शिव की," कोंडाबाई म्हणाल्या. "वर्षभर क्लासला गेलीस. एक झंपर तर व्हईल."

तनुजा वर्षभर गेली होती ती तरोडा नाक्यावरच्या लेडीज जिमला. पिशवीत वर कात्री आणि मापाची टेप दिसायची, खाली टी-शर्ट आणि ट्रॅक पँट. लग्न झालेल्या बाईनं वजनं उचलायची म्हणजे सासू, तिच्या आत्याबाई, घर डोक्यावर घेतील, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

मग लॉकडाऊन लागला. जिमला कुलूप लागलं आणि शिवणक्लासही बंद झाला म्हणून सांगावं लागलं. चार दिवसांत तिची पाठ धरली, आठवड्यात चिडचिड सुरू झाली. ती स्वयंपाकघराचं दार लोटून लोणच्याच्या बरण्या खांद्यापर्यंत उचलायला लागली. एकदा सासू अचानक आत आली, तेव्हा तिनं बरणी घाईघाईनं फळीवर ठेवली. कोंडाबाई बरणीकडं एकदा बघून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेल्या.

त्या दिवसापासून मात्र घरातली कामं एकाएकी वाढली. नायगावहून आलेल्या ज्वारीला ऊन दाखवायचं होतं. पोतं सकाळी गच्चीवर न्यायचं, संध्याकाळी खाली आणायचं. पोछ्याची काठी मोडली, फरशी उकिडवं बसून पुसावी लागली. लोखंडी कपाट या भिंतीला बरं दिसत नव्हतं, ते त्या भिंतीला गेलं. मग तिथंही बरं दिसेना.

शेजारच्या सुमनबाईंना हे बघवेना. कंपाउंडवरून त्या म्हणायच्या, "कोंडाबाई, किती राबवता हो पोरीला! माणूस हाय का बैल?"

"सून हाय माझी. मी बघीन," एवढंच बोलून कोंडाबाई आत निघून जायच्या.

तनुजा मनातल्या मनात हसायची. सासूच्या नाकाखाली आपला रोजचा व्यायाम चाललाय आणि तिला पत्ताच नाही, याची तिला भारी गंमत वाटायची. नवरा शिवशंकर हात लावायला आला, तर ती त्यालाच बाजूला सारायची. पोतं आता तिला उशीसारखं वाटायला लागलं होतं.

काल बातम्यांत सांगितलं, दसऱ्यापासून जिम उघडणार. आज सकाळी चहा देता देता ती सहज म्हणाली, "आत्याबाई, आमचा शिवणक्लास सुरू होऊन राहिला."

"लई बरं झालं," असं म्हणून कोंडाबाई सुमनबाईंकडं गेल्या आणि त्यांचं मशीनच मागून घेऊन आल्या.

तनुजानं दोरा कसाबसा ओवला. पायडल दाबलं तर चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. परत ओवला. या वेळी कापड सुईखाली जे गोळा झालं, ते निघेचना. तिनं जोर लावून ओढलं. जोर आता तिच्याकडं भरपूर होता. खण टर्रकन फाटला.

तिनं मान खाली घातली. "आत्याबाई, मला शिवता येत न्हाई."

"हाव. ठाव हाय मला."

तनुजानं चमकून वर पाहिलं. कोंडाबाईंचा चेहरा अगदी शांत होता.

"मागल्या हिवाळ्यात घरी पाव्हणे आले, म्हणून तुला बोलवायला गेले व्हते. तू सांगितलेल्या पत्त्यावर. काचेतून बघितलं. तू लोखंडी दांडा डोक्यावर धरून हुबी! मला वाटलं, आता टाळ्याच वाजवाव्या."

"मंग बोलल्या कामून न्हाईत?"

"तू कामून न्हाई सांगितलंस?"

कोंडाबाईंनी फाटका खण हातात घेऊन उलटसुलट केला आणि बाजूला ठेवला.

"जिम बंद पडलं तशी तू सुकायला लागलीस. मंग मला सुचंल ते काम काढलं. ज्वारीला एवढं ऊन लागतंय व्हय? ती काठी बी मीच मोडली. तुझ्यापायी साऱ्या गल्लीत खाष्ट सासू म्हणून नाव झालं माझं!"

तनुजाला हसावं की रडावं, समजेना. दोन्ही एकदमच आलं. तिनं सासूच्या मांडीवर डोकं टेकलं, तर कोंडाबाईंनी ते लगेच उचललं. "हे लाड ऱ्हाऊ दे. क्लासला कवा जायचं ते सांग."

दसऱ्याच्या सकाळी दोघी मास्क लावून जिमच्या दारात उभ्या राहिल्या. ट्रेनर वर्षाराणीनं दोघींच्या कपाळासमोर तापाची बंदूक धरली, हातावर सॅनिटायझर ओतलं आणि कोंडाबाईंकडं बघून अदबीनं म्हणाली, "आजी, यांना सोडायला आलात का? तुम्ही बाहेर बसा. पासष्टच्या पुढच्यांना आत घ्यायची परवानगी न्हाई."

"आजी कुणाला म्हणतीस? साठी बी भरली न्हाई माझी. मी बी करणार हाय."

वर्षाराणी गडबडली. "चालेल की मावशी! मग काय करायचं? गुडघ्यांसाठी हलका व्यायाम देऊ, का पोट कमी करायचंय?"

कोंडाबाईंनी पदर कमरेला घट्ट खोचला आणि तनुजाकडं बोट केलं.

"ते काही नको. मला हिला हरवायचंय."