शंभरच्या आत

त्याने बाबांच्या डाव्या मनगटाला पट्टा बांधला आणि घट्ट बसलाय ना, ते ओढून पाहिलं.

"अजून किती दिवस मिरवायचा हा दागिना?" बाबांनी विचारलं.

"आजचा शेवटचा. मी येईपर्यंत काढू नका, म्हणजे झालं."

लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन घेणं हे त्याचं काम. दार उघडणारा माणूस पोचेपर्यंत आतल्याला बोलतं ठेवायचं, घाबरू द्यायचं नाही. त्याचा आवाज इतका थंड, की शेजारच्या टेबलावरचे त्याला 'बर्फाची लादी' म्हणत. लादी आतून कधीच वितळली होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदाही कंपनीने कर्मचाऱ्यांचा ताण मोजायचं ठरवलं होतं. पट्टा नाडीचे ठोके मोजायचा आणि माणूस घरी असो की दारी, आकडे थेट ऑफिसात पाठवायचा. तीन दिवसांची सरासरी शंभरच्या वर गेली, की नाव विश्रांतीच्या यादीत. मागच्या खेपेला यादीत दोघं होते. त्यांच्या खुर्च्यांवर आता दुसरीच माणसं बसत.

मोजणीआधी पट्टा चालतो का हे पाहिलं, तेव्हाच त्याचा आकडा एकशे अठरा आला. तेव्हा त्याला बाबा आठवले. घराला आग लागली तरी हातातला चहा संपवून उठतील, असा माणूस. पट्टा काढला की आलेखात रिकामी जागा पडते, हे त्याने आधीच करून पाहिलं होतं. आंघोळीची पाच मिनिटं मात्र माफ होती. तेवढ्यात पट्टा हात बदलायचा.

"काय रे लादी, एवढ्या उकाड्यात लांब बाह्या?" शेजारच्याने टोमणा मारला. "वितळायला लागलास की काय?"

तो हसला. टेबलाखाली नाडी मोजून पाहिली. एकशे बारा.

दहा वाजता बाबांचा फोन आला. हात जड वाटत होता, खांद्यापर्यंत कळ येत होती. पट्टा थोडा वेळ काढून ठेवू का, असं ते विचारत होते.

त्याच्या डोळ्यांपुढे आलेखातली रिकामी जागा आली.

"काही होत नाही, बाबा," तो कामावरच्या आवाजात म्हणाला. "घट्ट बसलाय म्हणून वाटतं तसं. डोळे मिटून स्वस्थ पडा."

"बरं," बाबा म्हणाले. वाद घालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

साडेअकराला त्यांचा पुन्हा फोन आला. त्या वेळी एक बाई सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती, तिला श्वास लागला होता. त्याने बाबांचा फोन कापला आणि तिला धीर देत राहिला. बाई सुखरूप बाहेर आल्यावर त्याने घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. झोपले असतील, तो मनाशी म्हणाला. आपणच तर पडायला सांगितलं.

चार वाजता पट्ट्यांचे आकडे तपासणाऱ्या कंपनीच्या समुपदेशक बाईंचा फोन आला.

"अभिनंदन. पहिल्या दोन दिवसांची सरासरी अडुसष्ट. तुमच्या खुर्चीला धक्का नाही."

तीन दिवसांत पहिल्यांदा त्याने पोटभर श्वास घेतला.

"आजचं मात्र काही कळत नाहीये मला. पट्टा हातातच आहे ना?"

"हो. सकाळपासून काढलाच नाही."

"तेच म्हणते मी. काढला असता तर रेघ तुटली असती." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "तुमची कुठे तुटलेली नाही. पावणेबारापासून शून्यावरून सरळ चालली आहे."