गुडघ्यामागची धडधड

मल्लेश्वरमच्या त्या डॉक्टरवर हयवदनरावांचा पहिल्यापासूनच संशय होता. धाकट्या भावाच्या, रघुनंदनच्या गुडघ्यामागची धमनी म्हणे फुगलीय, ऑपरेशन केलं नाही तर गुठळी अडकून पाय जाईल! ना दुखणं, ना सूज, नुसती बोटाला लागणारी धडधड. कापाकापीशिवाय यांची चूल कशी पेटायची?

तपासणीच्या पलंगावर पालथा पडलेला रघुनंदन "सरी, ठीक आहे, करू या" म्हणाला, तसे हयवदनराव उसळलेच. पँट गुडघ्याच्या वर ओढून ते डॉक्टरांपुढे उभे राहिले.

"माझ्याही गुडघ्यामागे अशीच धडधड आहे, कित्येक वर्षं! रोज अख्खं चिकपेट हिंडतो मी. मला काय झालंय?"

डॉक्टरांनी गुडघ्यामागे बोटं ठेवली, ती बराच वेळ उचललीच नाहीत.



"रघुनंदन, तुम्ही स्वल्प, जरा उठा. आधी अण्णांना झोपू द्या इथे."