अनस्टेडिली

व्यायाम करून घेणाऱ्या बाईंच्या रिपोर्टात या वेळी एकच इंग्रजी ओळ होती. सुनेने ती मनातच वाचली.

"वाच की मोठ्यांदा," सासरे म्हणाले.

"पेशंट वॉक्स अनस्टेडिली. म्हणजे... पेशंट डगमगत चालतो, बाबा." जन्मभर ओळंबा धरून भिंती उभ्या केलेल्या गवंड्याला हे सांगताना तिला कसंतरीच झालं.

"आणि मागच्या महिन्यात काय लिहिलं होतं?"

"पेशंट अंथरुणातून उठू शकत नाही."

"आता चालतो असं लिहिलंय ना? मग तोंड कशाला पाडतेस? भिंतीवर लाव तो कागद!"

तिने लावला. सासरे काठी टेकत, डगमगत, सात पावलं चालून भिंतीपाशी आले. एक डोळा मिटून त्यांनी कागद न्याहाळला.

"डावीकडे कललाय. सरळ कर."