एक पाऊल पुढे
विनिपेगमधल्या शाळेच्या नाटकांत डेल्फीन अख्खा रंगमंच पालथा घालायची. सिनेमाच्या सेटवर पहिल्याच दिवशी कॅमेरावाल्याने तिच्या पायाशी पिवळी पट्टी चिकटवली. "इथून हलायचं नाही, पोरी. हललीस की चेहरा धूसर." "आणि माझ्या पात्रालाच हलावंसं वाटलं तर?" डेल्फीनने कुतूहलाने विचारलं. तो हसला. "मग दुसरी नटी येईल." तिचं काम एवढंच: शिकाऊ नर्स होऊन एका आईला मुलगा गेल्याचं सांगायचं. तिने सांगितलं. आईची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीचा तोल गेला आणि डेल्फीनने नकळत पुढे होऊन तिचे हात धरले. "कट! कोणी सांगितलं पुढे जायला?" दिग्दर्शिका कडाडली. "कोणीच नाही. त्या पडतील असं वाटलं." दिग्दर्शिकेने अभिनेत्रीकडे पाहिलं. "पुन्हा घेऊ. हिला जागेवर ठेवते." "घे," डोळे पुसत अभिनेत्री म्हणाली, "पण कॅमेरा हलव. पोरीला येऊ दे."