पोटातला फुगा

१९५६ साली चांद्याच्या दवाखान्यात मी एक मोठा शोध लावला. तो संध्याकाळच्या चहापर्यंत टिकला.

पोटाला आतून ताण दिला की मेंदू काय करतो, हे मला मोजायचं होतं. माझी एम.डी. त्यावरच अडली होती. नळीला बांधलेला रबरी फुगा गिळायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून मीच गिळला. मेंदूच्या लहरी कागदावर उमटवणाऱ्या यंत्राच्या तारा डोक्याला चिकटवल्या आणि डोळे मिटून पडून राहिलो.

फुग्यात हवा भरायला धीराचा माणूस हवा होता. रामाळा तलावावर दिवसदिवस गळ टाकून बसणारे इस्तारीभाऊ मिळाले. त्यांना आधीच यंत्रासमोर बसवून मी सांगितलं होतं, "तुम्हाला वाटेल तेव्हा पंप दाबा आणि कागदावर पेन्सिलीने खूण करा."

तासाभराने कागद पाहिला आणि मी नाचायचाच बाकी राहिलो. एकतीस खुणा, आणि प्रत्येक खुणेपाशी यंत्राच्या काट्याने मारलेली उडी! लगेच नागपूरला सरांना तार ठोकली : पोटाचं मेंदूला कळतं, सिद्ध झालं.

चहा पिताना मी म्हणालो, "इस्तारीभाऊ, तुमच्या हाताला यश आहे. एकही दाब वाया गेला नाही."

 

"गळाची सवय हाय ना, साहेब. दोरा हालल्याबिगर आमी हात लावत नाई. तुमचा काटा हालला का मी लगेच दाबलं, एकबी सुटू देला नाई."